दोन बोटे मातीवरचा बहर

पुण्याहून सप्टेंबरमध्ये एका दिवसाची रानातली चाल आखायची म्हटले, की कुठे जायचे, किती वाजता निघायचे आणि डब्यात काय न्यायचे, एवढाच विचार बहुतेक जण करतात. ज्या वाटेवर दाट झाडी आणि फुलांनी भरलेले मोकळे पठार ही दोन्ही एकाच दिवसात पाहायची आहेत, तिची आखणी मात्र पायाखालच्या मातीपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर झाडी कुठे उभी राहील आणि फुले कुठे पसरतील, हे बऱ्याच अंशी खडकावर मातीचा थर किती जाड आहे यावरून ठरते. आणि एकदा हे ध्यानात आले, की दिवस कोणता निवडावा, वाट कोणती धरावी आणि पाऊल कुठे टाकू नये, या प्रश्नांची उत्तरे सोपी होत जातात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि त्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. हे सगळे थर सारखे नाहीत. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ, सच्छिद्र थर झिजून त्यांचे उतार झाले, म्हणूनच आपले डोंगर टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेले दिसतात. माथ्यावरच्या सपाट कातळावर पावसाचा मारा थेट होतो, सुटी झालेली माती वाहून जाते आणि उरतो तो जेमतेम दोन बोटांचा थर. कासच्या किंवा महाबळेश्वरच्या पठारांसारख्या उंच जागी कातळाच्या जागी जांभा दगड असतो, तरी मातीची गत तीच. वाहून गेलेली माती कड्याच्या पायथ्याशी आणि ओढ्यांच्या खोबणींत साचते. तिथे ओल टिकते, वाराही कमी लागतो, आणि मुळांना खोल जाता येते. म्हणून कड्याच्या पायथ्याला जंगलाचा पट्टा आणि त्याच कड्याच्या माथ्यावर केवळ हातभर उंचीच्या वनस्पती, असे दृश्य घाटमाथ्यावर जागोजागी दिसते.

पठारावर झाडे नाहीत म्हणून ते ओसाड आहे, ही समजूत फार नुकसान करते. अशा जागी खड्डे घेऊन रोपे लावण्याचा उत्साह दर पावसाळ्यात दिसतो. हेतू चांगला असला, तरी खड्डा घेताना जी पातळ माती उकरली जाते, तिच्यातच पुढच्या वर्षीचे बी आणि कंद असतात. पठारावरच्या वनस्पतींचे आयुष्य इतके आवळलेले असते, की त्यांना उसंत अशी मिळतच नाही. जून ते सप्टेंबर या काळात त्यांची मुळे पाण्यात उभी असतात, कारण खालचा खडक पाणी मुरू देत नाही. ऑक्टोबर संपताना तीच जागा कडक वाळते आणि मार्च-एप्रिलमध्ये कातळ हात टेकवता येणार नाही इतका तापतो. या टोकांमधून वाट काढण्याचे निरनिराळे उपाय वनस्पतींनी साधले आहेत. अनेक वर्षायू वनस्पती तीन-चार महिन्यांत उगवणे, फुलणे आणि बी धरणे उरकून घेतात. काही जमिनीखाली कंदाच्या रूपाने उन्हाळा काढतात. काहींची पाने तर पूर्ण सुकूनही मरत नाहीत आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ प्रजातींची नोंद केली आहे.

पातळ मातीचा दुसरा परिणाम अन्नावर होतो. सततच्या पावसाने नत्र आणि स्फुरद धुऊन गेलेले असतात, त्यामुळे या मातीत पोषण फार कमी असते. ही उणीव कशी भरून निघते, हे पाहायचे असेल, तर पठारावर एखाद्या उथळ डबक्याच्या काठी, उघड्या कातळावर गुडघे टेकून, दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तळहाताएवढी जागा निवांत पाहावी. पांढरी बटणे टोचून ठेवल्यासारखे दिसतात ते गेंद. त्यातले प्रत्येक बटण म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्यांच्या मधून निळसर जांभळी, नखाहून लहान फुले डोकावतात, ती सीतेची आसवे. वरून इतकी नाजूक दिसणारी ही वनस्पती कीटकभक्षी आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण तिचे सापळे चिखलात दडलेले असतात. टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्यांमधून ती आतले पाणी सतत बाहेर काढते, त्यामुळे औषधाचा ड्रॉपर दाबून धरावा तसा आत दाब कमी होतो. पिशवीच्या दाराशी असलेल्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला, की दार आत उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. या साऱ्याला एका सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. जवळच लालसर पानांवर चिकट थेंब मिरवणारी दवबिंदू सापडली, तर तिचे काम उघड्यावर चालते: चिलट अडकले की पानावरचे केस हळूहळू त्याच्याकडे वळतात. पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके असलेल्या, म्हणून मिकी माऊस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवल्याने तिसरा मार्ग धरला आहे. तो कडधान्यांच्या कुळातला असून मुळांच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र मिळवतो.

हे सगळे एकाच दिवशी बहरलेले पाहायला मिळेल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. पुण्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो आणि पहिल्या सरींबरोबर कंदवर्गीय वनस्पती डोके वर काढतात; जुलैत धुके, निसरडे आणि हिरवळच जास्त असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात पाण्याजवळचे गेंद आणि सीतेची आसवे जोर धरतात, मग तेरड्याची गुलाबी छटा पसरते, आणि सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरू लागला, की सोनकीचा पिवळा रंग उतारांवर चढतो. पण ही साखळी तारखेवर चालत नाही, पावसावर चालते. पाऊस दोन आठवडे उशिरा आला, तर फुलेही मागे पडतात. मध्ये मोठी उघडीप पडली, तर डबक्याकाठची फुले लवकर आटोपतात. त्यामुळे गतवर्षीचे छायाचित्र पाहून तीच तारीख धरण्यापेक्षा यंदा घाटमाथ्यावर पाऊस कधी स्थिरावला, हे पाहून तेथून दहा-बारा आठवडे मोजणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पुणेकरांना ही चाल इतकी जवळ मिळते, याचे कारणही पावसातच आहे. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि माथ्यावरच बहुतेक पाणी सांडते. पर्जन्यछायेतल्या पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलीमीटर पाऊस पडतो, तर लोकलने दीड तासावर असलेल्या लोणावळ्यात त्याच्या कितीतरी पट. या अंतरात रान कसे बदलत जाते, हे खिडकीतूनही दिसते. कासचे पठार ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींमुळे आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर मिळालेल्या जागतिक वारशाच्या मानामुळे प्रसिद्ध आहे, आणि ते एकदा पाहावेच. परंतु हंगामात तेथे आगाऊ नोंदणी लागते, आणि रविवारी सगळ्यांनी तिकडेच धाव घेणे पठारालाही सोसत नाही. पहिल्या चालीसाठी मी मळवलीहून विसापूर सुचवीन. स्थानकावर उतरून भाजे गावातून रस्त्याने वर जावे, लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या गायमुख खिंडीत पोहोचावे आणि तेथून विसापूरच्या कड्याच्या पायथ्याने झाडीतून जाणारी वाट धरावी. माथ्यावर मोठे मोकळे पठार आहे. भाजे गावाच्या बाजूने पायऱ्यांची एक वाट आहे, तिच्यावरून पावसात ओढाच वाहतो. नवख्यांनी आणि मुले बरोबर असलेल्यांनी ती टाळावी. जोरदार पावसाच्या काळात काही गडांवर आणि धबधब्यांवर प्रशासन बंदी घालते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करणे अत्यावश्यक आहे.

वेळेचा हिशेब करण्यासाठी स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम अजूनही उपयोगी पडतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, एकूण चाल १० किलोमीटरची आणि चढ ४५० मीटरचा आहे, तर हिशेब पावणेतीन तासांचा येतो. हा आकडा सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. ओल्या वाटा, बरोबर आजी किंवा शाळकरी मूल, आणि दर दहा पावलांवर खाली वाकून पाहण्याची मुभा, हे सारे धरून त्याची दुप्पट करावी, म्हणजे साडेपाच तास. डब्याचा एक तास निराळा. सप्टेंबरअखेरीस पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, पण कड्याच्या पूर्वेकडील झाडीत त्याच्या बरेच आधी अंधारून येते, म्हणून पाचपर्यंत गावात परतलेले असावे. हे गणित उलटे करत आणले, की उशिरात उशिरा सकाळी नऊला पुणे सोडावे लागते, पण सातच्या आत निघालेले बरे. दुपारी काही तास लोकल विरळ असतात, हेही परतीच्या हिशेबात धरावे.

लवकर निघण्याची आणखी दोन कारणे आहेत, आणि त्यांतले पहिले फुलांचे आहे. केना आणि त्याच्या कुळातल्या अनेक वनस्पतींचे फूल एकाच दिवसाचे असते. निळा केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारखा होतो. दुसरे कारण विजेचे आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे परतू लागतात, सकाळी आकाश निरभ्र असते, जमीन तापते, ओलसर हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. मोकळ्या पठारावर आपणच सर्वांत उंच वस्तू असतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील, त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा काळ तीस सेकंदांहून कमी असेल, तर ताबडतोब पठार सोडून खाली उतरावे आणि एकाकी झाडाखाली कधीही थांबू नये. भारतीय हवामान विभाग पुणे जिल्ह्याच्या घाट क्षेत्रासाठी स्वतंत्र इशारे देतो. शहराचा अंदाज पाहून घाटमाथ्याचा निर्णय घेणे चुकीचे आहे.

जंगलाच्या टप्प्यात सप्टेंबरमध्ये फुले कमी दिसतात, आणि काहींना तो भाग केवळ चढ म्हणून वाटतो. तसे होऊ देऊ नये. अंजन, जांभूळ, हिरडा यांची सावली वर दाट असल्याने खाली ऊन कमी पोहोचते, हवा दमट राहते, आणि खोडांवर शेवाळ, नेचे व अळंब्या वाढतात. या दमटपणात घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर नीट थंड होत नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी आणि थोडे लिंबू-मीठ बरोबर असावे. झाडी संपते त्या काठावर तेरडा उभा असतो. त्याचे पिकलेले बोंड बोटांत हलकेच धरले, तरी फुटते, कारण पिकताना त्याच्या कवचाच्या फाकांमध्ये ताण साठलेला असतो. कवच गुंडाळले जाते आणि बिया दूर फेकल्या जातात. मुलांना हे एका बोंडावर दाखवावे, बाकीची झाडावर राहू द्यावीत. दगडांच्या फटींत फुरसे, फांदीवर हिरवा चापडा हे विषारी साप असू शकतात, त्यामुळे हात टेकण्याआधी पाहावे आणि सँडलऐवजी घोटा झाकणारे, खोल नक्षीच्या तळाचे बूट घालावेत.

पठारावर चालताना उघड्या कातळावरून, एकामागे एक चालावे. येथील बहुसंख्य फुले वर्षायू आहेत, म्हणजे बी धरण्याआधी जे रोप चिरडले गेले, त्याच्या पुढच्या पिढीची सोयच राहत नाही. शिवाय ओली माती पायाने दाबली गेली, की तिच्यातली हवेची पोकळी नाहीशी होते, आणि दोन बोटांच्या थरात ती भरून यायला दुसरा आधार नसतो. फुलांच्या मधोमध बसून छायाचित्र काढून घेणे हा म्हणूनच मला या दिवसातला सर्वांत मोठा अपराध वाटतो.

बरोबर एक छोटी वही असावी. तिच्यात तारीख, उंची, त्या जागेची ओल आणि दिसलेली फुले लिहावीत, आणि कारवी दिसली, तर ती कोणत्या उतारावर होती व फुलली होती का, हे आवर्जून टिपावे. उतारावरची कारवी साधारण सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एकाच हंगामात एकजात फुलते, बी धरते आणि मरते. इतके बी एकाच वेळी पडले, की ते खाणाऱ्यांना सगळे फस्त करता येत नाही, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण दिले जाते. सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. त्यामुळे ज्या उतारावर यंदा जांभळा बहर आहे, त्याचे नाव आणि वर्ष आज वहीत असेल, तर त्याच उताराच्या पुढच्या बहराचा सुमार आत्ताच काढता येतो.