बर्लिनचे दोन ‘रेडिओ सिम्फनी’: आरएसबी कोणता, आरएसओ कोणता?

जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर किंवा स्ट्रीमिंगच्या यादीत ‘बर्लिन रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ एवढंच लिहिलेलं असेल, तर वाजवतंय कोण हे त्यावरून कळत नाही. या नावाचे वाद्यवृंद दोन होते. जर्मनीच्या फाळणीच्या काळात एक पूर्व बर्लिनच्या सरकारी रेडिओचा होता, दुसरा पश्चिम बर्लिनचा. (आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की सिनेगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. इथे अर्थ आहे बांधील वादकांचा पूर्ण सिम्फनी ताफा.) आणि मुंबईच्या झुबिन मेहतांमुळे ओळखीचा झालेला बर्लिन फिलहार्मोनिक यांपैकी कुणीच नाही, तो रेडिओचा वाद्यवृंदच नव्हे.

जर्मनमध्ये मुळात घोळ नाही. थोरल्याचं, म्हणजे पूर्वेच्या ताफ्याचं नाव रुंडफुंक-सिम्फोनीऑर्केस्टर बर्लिन, म्हणजे आरएसबी. धाकट्याचं, म्हणजे पश्चिमेच्या ताफ्याचं नाव १९५६ ते १९९३ या काळात राडिओ-सिम्फोनी-ऑर्केस्टर बर्लिन असं होतं, म्हणजे आरएसओ. ‘रुंडफुंक’ हा जर्मन भाषेचा स्वतःचा शब्द, ‘राडिओ’ बाहेरून आलेला. इंग्रजीत जाताना दोन्हींचं ‘रेडिओ’ झालं आणि फरक पुसला गेला. म्हणून वेष्टनावर मूळ जर्मन नाव कुठे बारीक अक्षरात छापलंय का, ते सगळ्यांत आधी शोधावं.

आरएसबीचा जन्म १९२३चा. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला पॉट्सडामर प्लाट्झजवळच्या वॉक्स-हाउसमधून जर्मनीतलं नियमित प्रसारण सुरू झालं, आणि हा वाद्यवृंद आपली मुळं तिथपर्यंत नेतो. १९३१ साली हान्स पोएल्झिग यांनी आखलेली रेडिओची मोठी वास्तू, हाउस डेस रुंडफुंक्स, माझुरेन-अॅलेवर उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिन विजेत्या राष्ट्रांच्या विभागांत वाटलं गेलं आणि एक विचित्र स्थिती झाली. इमारत ब्रिटिशांच्या विभागात, पण ताबा सोव्हिएतांकडे, तोही १९५६पर्यंत. त्यामुळे पूर्वेच्या रेडिओचं घर काही वर्षं पश्चिमेत होतं. पुढे पूर्व जर्मनीने नालेपाश्ट्रासंवर स्वतःचं रेडिओ संकुल बांधलं आणि तिथल्या मोठ्या ध्वनिमुद्रण-दालनात आरएसबी वाजू लागला.

धाकट्याची सुरुवात १९४६ची. अमेरिकन विभागातल्या रियास या रेडिओ केंद्रासाठी तो उभा राहिला, म्हणून पहिलं नाव रियास-सिम्फोनी-ऑर्केस्टर. १९४८ साली फेरेन्त्स फ्रिचाय पहिले प्रमुख संचालक (कंडक्टर) झाले आणि या ताफ्याची ओळख खऱ्या अर्थाने त्यांनीच घडवली. १९५३ साली अमेरिकेचा पैसा थांबला. वादकांनी स्वतःची कंपनी काढून काम चालू ठेवलं. १९५६ साली झेंडर फ्रायेस बर्लिन हे पश्चिम बर्लिनचं केंद्रही सोबत आलं, आता एकट्या रियासचं नाव चालणार नव्हतं, आणि ‘राडिओ’वालं नाव आलं. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

नाव इंग्रजीतच असेल तर वर्ष आणि संचालक पाहावेत. ध्वनिमुद्रण १९४५च्या आधीचं असेल तर धाकटा बादच; तेव्हा तो नव्हताच. प्रमुख संचालकांत हेर्मान आबेन्द्रोट, रोल्फ क्लाइनर्ट आणि १९७३पासून वीस वर्षं हाइन्त्स रोग्नर, ही नावं आरएसबीची. फ्रिचाय, लोरिन माझेल (१९६४–७५) आणि रिकार्दो शाई (१९८२–८९) धाकट्याचे. डेक्का कंपनीसाठी शाईंनी झेम्लिन्स्की, ब्रुकनर आणि मालरची दहावी सिम्फनी मुद्रित केली ती याच ताफ्याकडून. पाहुण्या संचालकाच्या नावावर मात्र विसंबू नये. पाहुणे कुठेही जातात.

कंपनीचं नाव अर्धीच खूण. एटेर्ना हे पूर्व जर्मनीच्या सरकारी रेकॉर्ड कंपनीचं लेबल, तेव्हा एटेर्नाच्या रेकॉर्डवर ‘बर्लिन रेडिओ’ असेल तर सहसा आरएसबीच. पण एटेर्नाची मुद्रणं पश्चिमेतल्या कंपन्याही परवाना घेऊन विकत असत. त्यामुळे पश्चिमेची कंपनी दिसली म्हणून पश्चिमेचा वाद्यवृंद, असा निष्कर्ष काढला की फसगत होते. दुसरी एक चूक म्हणजे ‘ग्रोसेस रुंडफुंकऑर्केस्टर बर्लिन’. हाही पूर्वेच्या रेडिओचाच, पण आरएसबी नव्हे, तिसराच ताफा. जागेचं नाव छापलेलं असेल तर ते कामाचं: १९५०–६०च्या दशकांतली पश्चिम बर्लिनमधल्या डालेमच्या येझुस-क्रिस्टुस चर्चमधली मुद्रणं पूर्वेच्या ताफ्याची असणं कठीण, नालेपाश्ट्रासंची पश्चिमेच्या ताफ्याची असणं त्याहून कठीण. भिंत पडल्यानंतरच्या मुद्रणांना हा नियम लावू नये.

जर्मनीच्या एकीकरणानंतर एकाच शहरात दोन ‘रेडिओ सिम्फनी’ उरले. १९९३ साली धाकट्याने नाव सोडलं आणि तो डॉइचेस सिम्फोनी-ऑर्केस्टर बर्लिन, म्हणजे डीएसओ झाला. नावात ‘डॉइचेस’ आलं म्हणून तो जर्मनीचा राष्ट्रीय वाद्यवृंद वगैरे नव्हे. व्लादिमिर आश्केनाझी १९८९ ते १९९९ त्याचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांच्या तबकड्यांवर दोन्ही नावं सापडतात, ताफा एकच. डिजिटल याद्यांत याची उलटी चूक दिसते: फ्रिचायच्या १९५०च्या दशकातल्या मुद्रणाला ‘डीएसओ’ नाव जोडलेलं असतं, किंवा ‘आरएसओ’ शब्द पाहून थेट आरएसबीच्या पानावर नेलं जातं. २००२नंतर मारेक यानोव्स्कींचं नाव असेल तर मात्र प्रश्न उरत नाही. २०१० ते २०१३ दरम्यान फिलहार्मोनी सभागृहात त्यांनी वाग्नरच्या १० ऑपेरा मंचसज्जेविना सादर केल्या आणि पेंटाटोन कंपनीने त्या प्रसिद्ध केल्या, वादक आरएसबीचे. यानोव्स्की २०१५पर्यंत आरएसबीचे प्रमुख संचालक होते, २०१७पासून व्लादिमिर युरोव्स्की.

१ जानेवारी १९९४ला दोन्ही वाद्यवृंद आणि दोन गायकवृंद एका कंपनीखाली आले. तिच्यात डॉइचलांडराडिओ या राष्ट्रीय रेडिओ संस्थेचा वाटा ४० टक्के, केंद्र सरकारचा ३५, बर्लिन राज्याचा २० आणि प्रादेशिक प्रसारण संस्थेचा ५. २००९ साली दोघांचं विलीनीकरण करण्याचा बेत पुढे आला आणि बारगळला. आज आरएसबीच्या तालमी पोएल्झिगच्या वास्तूत होतात, आणि डीएसओच्या त्याच माझुरेन-अॅलेवरच्या दूरदर्शन केंद्रातल्या सभागृहात, ज्याला फ्रिचायचं नाव आहे.