नळीत उकळतं पाणी का ओतायचं?

परभणी-हिंगोलीकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायला काढतात. विळा, कुऱ्हाड, पाभरीचा फण, आणि जिथे परवाना आहे तिथे बंदूक. पावसाळाभर ती बासनात गुंडाळून कोपऱ्यात उभी असते. आधी बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो कप्पा, रिकामं आहे ना ते पाहायचं, मग गजाला कापडाची चिंदी लावून नळीतून सारायची. पहिली चिंदी जवळजवळ दरवर्षी तांबूस होऊन बाहेर येते. रायफल .२२ ची, म्हणजे ०.२२ इंच भोकाची, असेल तर तो गंज मला फार जिवाला लागतो. नळीचं भोक जेमतेम साडेपाच मिलिमीटर, त्यात पीळ घेत गेलेल्या खाचा, आणि त्या खाचांची धार हेच तर तिचं सगळं बळ.

नळी साफ करायच्या आपल्याकडच्या सवयी कुठून आल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. एनसीसीत असताना आमचे उस्ताद फायरिंग झाल्यावर नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी ओतायला लावायचे. लोखंडात पाणी घातलं तर गंजणार नाही का, असं मी एकदा विचारलं. ‘हुकूम आहे’ एवढंच उत्तर मिळालं. हुकमामागे शंभर वर्षांची हकिकत होती, ती पुढे कितीतरी वर्षांनी कळली.

सुरुवात काळ्या दारूपासून करायला हवी. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन धूर आणि काजळीच्या रूपाने घनच उरतं. ही काजळी हवेतली ओल शोषते, पण पाण्यात सहज सुटते. म्हणून ठासणीच्या बंदुका गरम पाण्याने धुवायची रीत जगभर होती. पाणी कढत हवं, कारण त्याने नळी तापते आणि आतली ओल आपोआप उडते.

.२२ चं काडतूसही याच दारूच्या काळातलं. पॅरिसच्या फ्लोबेर या बंदूक बनवणाऱ्याने १८४५ च्या सुमारास घरात नेम धरायला छोटी काडतुसं बनवली. त्यात दारू नव्हतीच, एरवी दारू पेटवायला ठिणगी देतो त्या नुसत्या स्फोटक मसाल्याच्या जोरावर गोळी सुटायची. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने दारू भरलेलं .२२ शॉर्ट आणलं. आज सगळीकडे चालतं ते .२२ लाँग रायफल काडतूस स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये काढलं: ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी आणि मागे ५ ग्रेन काळी दारू. या काडतुसाला बुडाच्या मध्ये ठिणगी पाडणारी मसाल्याची टोपी नसते. पितळी बुडाच्या पोकळ काठात मसाला भरलेला असतो, बोल्टमधली फायरिंग पिन (टोचणी) तो काठ चेपते आणि ठिणगी पडते. घर्षण वाढावं म्हणून त्या मसाल्यात काचेची पूडही घालत. नळीच्या आत ती पूड काय करत असेल, ते सांगायला नकोच.

खरी गडबड पुढे झाली. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ व्येई यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि काही वर्षांत ती छोट्या काडतुसांतही आली. धूर नाही, काजळी नावाला, लोक खूश. आता पाण्याने धुवायची गरज नाही, तेलाचा बोळा फिरवला की झालं, असं सगळ्यांना वाटलं. आणि नेमक्या याच काळात नळ्या गंजायला लागल्या. संध्याकाळी तेल लावून ठेवलेली नळी दमट हवेत चार दिवसांत आतून खडबडीत. दोष नव्या दारूवर गेला, तिच्यात आम्ल आहे म्हणून.

दोष दारूचा नव्हता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या खाण विभागातले रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी प्रयोग करून दाखवलं की गुन्हेगार स्फोटक मसाल्यातलं पोटॅशियम क्लोरेट आहे. ते पेटलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचा सख्खा भाऊ. नळीच्या पोलादावर मिठाचा पातळ थर बसतो, तो हवेतली ओल ओढतो आणि गंज सुरू होतो. काळ्या दारूच्या काळातही हेच मीठ पडत होतं, पण ढीगभर काजळीत ते विखुरलेलं असे आणि लोक पाण्याने धूतही असत. बिनधुराच्या दारूने काजळी गेली, पाणी गेलं, आणि मीठ तेवढं उघडं राहिलं.

तेलाने ते का निघत नाही, हे लोणचं घालणाऱ्या कुणालाही विचारा. बरणीत वरून कितीही तेल ओता, मीठ काही तेलात विरघळत नाही. त्याला पाणीच हवं. उस्तादांच्या नरसाळ्याचा अर्थ हा होता. .३०३ च्या जुन्या लष्करी काडतुसांत क्लोरेटचा मसाला असे, त्या रायफलींसाठी उकळत्या पाण्याची शिस्त घालून दिलेली होती, आणि तीच .२२ च्या हाताळणीतही उतरली.

आमच्या भागात ही शिस्त आणली ती एनसीसीने. एनसीसी १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाली आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. पुढे कॉलेजं निघाली, तशी ज्या घरांत कधी हत्यार नव्हतं तिथल्या पोरापोरींच्या हातात .२२ आली. पालथं पडून २५ यार्डांवर नेम. रायफल तरी कोणती, तर ली-एनफिल्डच्या, म्हणजे त्याच .३०३ लष्करी रायफलच्या, सांगाड्यात बारीक नळी बसवलेली.

त्या नळीची सफाई पुलथ्रूने व्हायची. दोरी, तिच्या एका टोकाला पितळी वजन, दुसरीकडे फाशात चिंदी. चेंबरकडून वजन सोडायचं आणि नळीच्या तोंडातून दोरी सरळ ओढायची. मी एका कॅम्पात थकून दोरी तिरकी ओढली. उस्तादांनी रायफल काढून घेतली, बोल्ट काढला, माझ्या अंगठ्याचं नख चेंबरशी धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाने आत बघायला सांगितलं. नखावर पडलेला उजेड खाचांतून वळत येताना दिसला. मग त्यांनी तोंडाच्या कडेवर बोट टेकवलं. गोळी इथून शेवटची सुटते, म्हणाले, ही कड एका बाजूला झिजली तर हवा एका बाजूने आधी निसटते आणि गोळीला ढकलते. ५० मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं ते याच अंतरावर, .२२ नेच. तिथे कडेवरची केसभर झीजही महागात पडते.

मिठाचा प्रश्न आता उरलेला नाही. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बिनगंजाचा मसाला निघाला होता. १९२० च्या दशकात रेमिंग्टनने ‘क्लीनबोअर’ नावाने तो बाजारात आणला आणि पुढे .२२ मध्ये तो सर्रास झाला. आता नळीत उरतं ते शिसं, गोळीवरचं मेण आणि चेंबरच्या पुढे साचणारं कार्बनचं कडं. शिसं आणि मेणाचा पातळ लेप तर नेमबाजांना हवाच असतो, पार घासून काढलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. म्हणून रोज लोखंडी गजाने घासणाऱ्याला माझं सांगणं एकच: वरून आवरण चढवलेला गज वापरा, चेंबरच्या बाजूने घाला, आणि कार्बनचं कडं तेवढं पितळी ब्रशने काढा. गोळीबारापेक्षा गजानेच जास्त .२२ नळ्या खराब होतात, असं माझं ठाम मत आहे.

ओल मात्र आपलीच आहे. श्रावण-भाद्रपदात आमच्या काळ्या मातीच्या गावांत भिंती घाम गाळतात. कातडी म्यान आणि कापडी खोळ दोन्ही ओल धरून ठेवतात, त्यात रायफल महिनोन् महिने ठेवू नये. पूजेचं हळदकुंकू लाकडी दस्त्याला लावावं, नळीला नको. लागलंच तर संध्याकाळीच पुसून तेलाची चिंदी फिरवावी. मग रायफल कपाटात तोंड खाली करून उभी ठेवावी, जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात मुरण्याऐवजी खाली निथळतं. तोंडाखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवतो मी. सकाळी तिच्यावर रुपयाएवढा तेलाचा डाग पडलेला असतो.