ब्लॅक-ब्राउड की ग्रे-हेडेड? एकाच बेटावरचे दोन अल्बाट्रॉस

हे दोन अल्बाट्रॉस, म्हणजे लांब पंखांचे मोठे समुद्री पक्षी, लांबून बघितले की मुरलेले पक्षीवाले पण गडबडतात, कारण दोघांचा आकार जवळपास सारखा, पंख पसरले की सव्वादोन मीटरच्या आसपास, वजन तीन-चार किलो, पाठ आणि पंख वरून काळपट. जवळून दिसला तर सरळ चोच बघायची. ब्लॅक-ब्राउडची पिवळी-नारिंगी आणि टोकाला लालसर, डोकं पांढरंशुभ्र, डोळ्यावर काळी भुवई. ग्रे-हेडेडचं डोकं राखाडी, चोच काळी आणि तिच्या वरच्या-खालच्या कडेला पिवळी पट्टी. फक्त ब्लॅक-ब्राउडचं वयात न आलेलं पोर असेल तर त्याची चोचही गडद असते, मानेवर राखाडी झाक असते, तिथे घाई करू नका.

पण मला विचाराल तर ओळखण्यापेक्षा ते खातात काय हेच जास्त भारी आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या टोकाला बर्ड आयलंड म्हणून छोटंसं बेट आहे, तिथे दोघंही घरटी करतात आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेचे लोक कित्येक वर्षं त्यांचा अभ्यास करतायत. पिल्लांना भरवलेलं अन्न तपासलं तेव्हा दिसलं की ब्लॅक-ब्राउड क्रिल आणि मासे भरपूर आणतो (क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा मोठा भाऊ समजा), आणि ग्रे-हेडेडचा भर माकूळवर, म्हणजे स्क्विडवर. त्यामुळे समुद्रही वाटला गेलाय. ब्लॅक-ब्राउड जास्त करून बेटांभोवतीच्या उथळ पट्ट्यावर आणि त्याच्या उतारावर फिरतो, तर ग्रे-हेडेड लांब खोल समुद्रात, जिथे अंटार्क्टिकाचं थंड पाणी उत्तरेकडच्या कोमट पाण्याला भिडतं तिथे जातो. डुबकी मारली तरी दोघांची सहसा काही मीटरच, बाकी सगळं पृष्ठभागावरून उचलायचं.

आता याचा परिणाम बघा. माकूळवर वाढणारं पिल्लू हळू वाढतं. ब्लॅक-ब्राउडचं पिल्लू साधारण 116 दिवसांत उडतं, ग्रे-हेडेडचं 141 दिवसांच्या आसपास. दोघांची पिल्लं एकमेकांच्या घरट्यात ठेवून पण बघितलंय, तेव्हाही वाढीवर आहाराचा परिणाम दिसला. दोघंही एकच अंडं घालतात, पण ब्लॅक-ब्राउड दरवर्षी घालू शकतो आणि ग्रे-हेडेडचं पिल्लू जगलं की पुढचं वर्ष सुट्टीच. त्या मोकळ्या काळात तो काय करतो तर पृथ्वीला प्रदक्षिणा! बर्ड आयलंडच्या एका पक्ष्यानं अंटार्क्टिकाभोवती 46 दिवसांत फेरी पूर्ण केल्याची नोंद 2005 साली छापून आली, मला तर हा आकडा वाचून अजूनही काटा येतो. साउथ जॉर्जियाचे ब्लॅक-ब्राउड मात्र हिवाळ्यात बरेचसे आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्याकडे जातात.

क्रिलवाल्याचं सगळं सोपं असं मात्र नाही. ज्या वर्षी त्या भागात क्रिल कमी, त्या वर्षी ब्लॅक-ब्राउडची बहुतेक पिल्लं मरतात, माकूळवाल्याला तेवढा फटका बसत नाही. पण प्रौढ पक्षी मेला तर हिशोब उलटा होतो, कारण दोन वर्षांतून एकदाच पिल्लू वाढवणाऱ्याला ती जागा भरून काढायला फार वेळ लागतो, आणि मारतंय कोण तर लाँगलाइन मासेमारी, मैलोन्मैल लांब दोर, त्यावर आमिष लावलेले हजारो गळ, पक्षी आमिष गिळतो आणि दोराबरोबर खाली ओढला जाऊन बुडतो. कुठला जीव किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत ब्लॅक-ब्राउड सध्या कमी चिंतेचा (फॉकलंड बेटांवर त्याची खूप मोठी वस्ती आहे), ग्रे-हेडेड मात्र धोक्यात आलेला, आणि त्याची जगातली निम्मी जोडपी एकट्या साउथ जॉर्जियात.

उपाय माहीत आहेत, महागही नाहीत: रात्री दोर सोडायचे, वजन लावून पटकन बुडवायचे, बोटीमागे पक्षी बिचकवायला फडफडत्या पट्ट्या बांधायच्या. साउथ जॉर्जियाच्या पाण्यात हे नियम लावल्यावर दोरांवर मरणारे पक्षी जवळपास शून्यावर आले, पण ग्रे-हेडेड जातो तिकडे लांब, ट्यूनावाल्या बोटींच्या समुद्रात, तिथे प्रत्येक बोटीवर हे खरंच होतंय का ते तपासणारा माणूस हवा.