ड्रायव्हर लांब जातो, पण कुणाच्या हातून?

डिस्क गोल्फ, म्हणजे चेंडूऐवजी चकती (डिस्क) फेकून टोपलीत टाकायचा गोल्फसारखा खेळ. तो खेळणाऱ्या पालकांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘पोराला पहिल्याच दिवशी ड्रायव्हर द्या, डिस्क लांब गेली की गोडी लागेल.’

ड्रायव्हर म्हणजे लांब फेकीसाठीची डिस्क. सल्ल्यामागचा हेतू चांगलाच आहे, आणि मोठ्यांच्या हातून ड्रायव्हर खरोखर सर्वांत लांब जातो. पण बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला बघा. पुटरवर (जवळून टोपलीत टाकायची डिस्क) २-३, डिस्टन्स ड्रायव्हरवर (सर्वांत लांब पल्ल्याचा ड्रायव्हर) १२-१४. डिस्क नीट उडायला फेक किती वेगाची हवी, ते हा आकडा सांगतो. सहा वर्षांच्या हातात तेवढा जोर कुठून येणार? उजव्या हाताने बॅकहँड फेकलेला ड्रायव्हर मग थोडा पुढे जातो, डावीकडे कलतो आणि धप्पकन पडतो. शिवाय त्याची कड इतकी रुंद, की चिमुकली बोटं आतल्या काठाला पोचतच नाहीत.

वजनाचंही तेच. १७०-१७५ ग्रॅम मोठ्यांना ठीक. मुलांना १५० च्या आतला, शक्यतो १२०-१४० ग्रॅमचा पुटर किंवा मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) द्या. डिस्क उलटून बघा, वजन बहुधा मागे मार्करने लिहिलेलं असतं. (आपली जुनी, घासलेली डिस्क पोरांना देणारे बरेच असतात. मीही दिली होती.)

पटत नसेल तर मोकळ्या मैदानात मुलाला ड्रायव्हर आणि हलका पुटर पाच-पाच वेळा फेकू द्या आणि पावलं मोजा. फक्त वाऱ्याचा दिवस टाळा, हलकी डिस्क भरकटते.