युद्धाची बातमी पाठवणारी माणसं : एक पार्श्वभूमी

आखातात कुठे काही पेटलं की त्याची धग कोकणात लगेच पोचते. खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात कुवेत, दुबई किंवा सौदीत कुणी नाही असा मोहल्ला शोधूनही सापडायचा नाही, आणि खाडीकाठच्या वाड्यांमधली पोरं बोटीवर आहेत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळलं. तिथे अडकलेल्या एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने मुंबईला आणलं गेलं, त्यांत इकडचे पुष्कळ होते. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. १३ एप्रिल २०२४ रोजी इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ ‘एमएससी एरीज’ हे जहाज ताब्यात घेतलं, त्यावरच्या २५ जणांपैकी १७ भारतीय होते. अशा दिवसांत घरची माणसं टीव्हीसमोरून हलत नाहीत. आपला माणूस ज्या बंदरात आहे तिथलं खरं काय ते कुणीतरी तिथे उभं राहून सांगत असतं, आणि आपण ते जेवताना ऐकतो. सांगणाऱ्याच्या जिवाची किंमत काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच निघतो.

हा धोका जुनाच आहे, पण त्याचं रूप पार बदललं आहे. पूर्वी वार्ताहर मरायचा तो लढाईच्या वाटेत आल्यामुळे. आता बऱ्याचदा तो वार्ताहर आहे म्हणूनच मारला जातो. दुसरा बदल असा की पूर्वी मरणारा बहुधा परका, लांबून आलेला असायचा. आता तो त्याच गावचा असतो.

आधुनिक युद्धवार्ताहरांची सुरुवात साधारणपणे लंडनच्या ‘टाइम्स’च्या विल्यम हॉवर्ड रसेलपासून धरतात. १८५४ साली तो क्रिमियात, रशियाविरुद्धच्या युद्धावर गेला. सैनिक गोळीपेक्षा कॉलऱ्याने आणि थंडीने जास्त मरताहेत, हे त्याने लिहिलं, तेव्हा सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी अधिकाऱ्यांना त्याच्याशी बोलायला मनाई केली. हाच रसेल १८५८ च्या आरंभी हिंदुस्थानात आला आणि लखनौवर चालून गेलेल्या ब्रिटिश सेनापती कॅम्पबेलच्या फौजेबरोबर राहिला. इंग्रजांनी घेतलेल्या सूडाबद्दलही त्याने लिहिलं. त्या काळात वार्ताहराचा मुख्य शत्रू म्हणजे रोगराई, उपासमार आणि आपल्याच बाजूचे सेनाधिकारी. १९०० च्या जानेवारीत ‘डेली मेल’चा जी. डब्ल्यू. स्टीव्हन्स दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथच्या वेढ्यात मेला तो विषमज्वराने. सुदानात मात्र १८८३ साली हिक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची अख्खी फौज कापली गेली, तेव्हा तिच्याबरोबरचे ओडोनोव्हन आणि व्हिझेटेली हे वार्ताहरही परतले नाहीत. त्या मोहिमांत गेलेल्या सात वार्ताहरांची स्मृतिपाटी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आहे.

कोकणाचा या इतिहासाशी पहिला मोठा संबंध आला तो पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. रत्नागिरी जिल्ह्यातून मराठा पलटणींत भरती झालेली माणसं तिथे लढत होती. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि ही डिव्हिजन तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. या मोहिमेचा सरकारमान्य वार्ताहर होता एडमंड कँडलर. त्याला एकच हात होता. १९०४ साली यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तिबेट मोहिमेत ‘डेली मेल’साठी गेला असताना गुरू नावाच्या गावच्या चकमकीत त्याच्यावर तलवारीचे वार झाले आणि डावा हात गमवावा लागला. असा माणूस बारा वर्षांनी पुन्हा आघाडीवर होता, पण जखमींचे होणारे हाल लिहायला गेला की सेन्सॉरची कात्री आड यायची. ज्यांची पोरं कुतला अडकली होती त्या खेडेगावांपर्यंत काय पोचलं असेल, याचा अंदाज यावरून करावा. आपल्याकडे अनेक गावांत त्या युद्धाच्या दगडी पाट्या आहेत, गावातून किती गेले आणि किती मेले ते सांगणाऱ्या. तिकडे नेमकं काय झालं याची मराठी वाचकाला धड बातमी मिळाली नाही, त्याला एक कारण हे सेन्सॉरशिपचं.

कायद्याची गंमत अशी की त्यात वार्ताहर आधी कैदी म्हणून शिरला, नागरिक म्हणून नंतर. १८९९ आणि १९०७ च्या हेग नियमांत एवढंच होतं की सैन्याबरोबर फिरणारा बातमीदार पकडला गेला आणि त्याच्याजवळ सैन्याचा परवाना असला, तर त्याला युद्धकैद्यासारखं वागवावं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात तेच कलम राहिलं. स्वतंत्रपणे, परवान्याशिवाय फिरणाऱ्या पत्रकाराला स्पष्टपणे नागरिकाचा दर्जा मिळाला तो १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलच्या ७९ व्या कलमाने. या प्रोटोकॉलला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. अमेरिका आणि इस्रायल यांनीही नाही. २००६ साली सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १७३८ आणि २०१५ साली २२२२ संमत करून पत्रकारांवरच्या हल्ल्यांचा निषेध केला. ठराव चांगले आहेत. ते मोडणाऱ्याला शिक्षा कोण देणार, याचं उत्तर त्यांत नाही.

कायदा कागदावर येत असताना प्रत्यक्षात काय घडत होतं? जपानजवळच्या इए शिमा बेटावर १८ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन वार्ताहर अर्नी पाइल मशीनगनच्या गोळीने गेला. २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये छायाचित्रकार रॉबर्ट कापाचा पाय भूसुरुंगावर पडला आणि तो गेला. एप्रिल १९७० मध्ये कंबोडियात शॉन फ्लिन आणि डेना स्टोन हे अमेरिकन छायाचित्रकार मोटारसायकलवरून निघाले आणि पकडले गेले, ते आजवर सापडलेले नाहीत. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी पूर्व तिमोरच्या बालिबो गावी इंडोनेशियन फौजेच्या हल्ल्यात ऑस्ट्रेलियन वाहिन्यांचे पाच जण मारले गेले. आपण तटस्थ आहोत हे दिसावं म्हणून त्यांनी घराच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाचं नाव आणि झेंडा रंगवला होता. पुढे छातीवर ‘प्रेस’ लिहिलेली जाकिटं आली, ती याच भाबड्या विश्वासावर.

या सगळ्यात एका माणसाची हकीगत आपल्याला जवळची आहे. अँथनी मस्करेन्हस मूळ गोवेकर कुटुंबातला, बेळगावात जन्मलेला, कराचीत शिकलेला आणि तिथल्याच ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये सहायक संपादक. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने काही निवडक पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेलं, सगळं कसं आलबेल आहे ते लिहायला. मस्करेन्हसने तिथे जे पाहिलं ते कराचीत छापणं शक्यच नव्हतं. बहीण आजारी असल्याचं कारण सांगून तो लंडनला गेला, ‘संडे टाइम्स’च्या हॅरल्ड इव्हान्सला भेटला आणि मग परत कराचीला आला. का, तर बायकोमुलं तिथे होती. आधी त्यांना बाहेर काढलं. स्वतःला विमानाने जाता येईना, कारण पाकिस्तानी नागरिकाला वर्षातून एकदाच परदेशी उड्डाणाची मुभा होती. तो अफगाणिस्तानची हद्द जमिनीवरून ओलांडून निसटला. १३ जून १९७१ रोजी लेख छापून आला आणि पूर्व बंगालमधल्या कत्तलीकडे जगाचं लक्ष गेलं. मला या हकीगतीत गोळीबारापेक्षा ते परत जाणं मोठं वाटतं. परदेशी वार्ताहराचं घर सुरक्षित असतं. स्थानिकाचं घर हेच शत्रूच्या हातातलं ओलीस असतं. त्याच वर्षी डिसेंबरात ढाक्यात सिराजुद्दीन हुसेन, शहीदुल्ला कैसर, सेलिना परवीन अशा पत्रकारांना घरांतून उचलून नेऊन मारण्यात आलं, तेव्हा हेच दिसलं.

आखातात हेरगिरीचा आरोप हे वेगळंच हत्यार ठरलं. इराणमध्ये जन्मलेला आणि लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’साठी लिहिणारा फरजाद बझॉफ्ट इराकच्या एका लष्करी कारखान्यातल्या स्फोटाची चौकशी करत होता. त्याला हेर ठरवून १५ मार्च १९९० रोजी बगदादमध्ये फासावर चढवलं. कुवेतवर स्वारी व्हायला अजून साडेचार महिने होते. पुढे जानेवारी १९९१ मध्ये ‘सीबीएस’चा बॉब सायमन आणि त्याचे सहकारी सीमेवर पकडले गेले, ते चाळीस दिवस कैदेत राहिले.

खरा सांधा बदलला तो नव्वदच्या दशकात. अल्जीरियाच्या यादवी युद्धात १९९३ पासून तीन-चार वर्षांत पन्नासहून अधिक पत्रकार ठार झाले, जवळपास सगळे तिथलेच. लेखक-पत्रकार ताहर जाऊत यांना घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. इथे पत्रकार लढाईच्या मध्ये आला नव्हता, लढाई त्याच्या दारात आली होती. बोस्नियाच्या युद्धात चिलखती गाड्या आणि बुलेटप्रूफ जाकिटं रुळली, मोठ्या संस्थांनी माजी सैनिकांकडून आपल्या माणसांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. रक्तस्राव कसा थांबवायचा, नाक्यावर बंदूकवाला समोर आला तर हात कुठे ठेवायचे, अशा साध्या पण जीव वाचवणाऱ्या गोष्टी. त्याचा खर्च मोठा, त्यामुळे ते पगारी माणसाला मिळालं. दुभाष्या, ड्रायव्हर, वाट दाखवणारा फिक्सर आणि तुकड्यावर काम करणारा स्ट्रिंगर बहुतेक वेळा त्याबाहेरच राहिले.

देशोदेशीची सरकारंही यात मागे नव्हती. २३ एप्रिल १९९९ रोजी ‘नाटो’ने बेलग्रेडच्या सरकारी टीव्हीची इमारत बॉम्बने उडवली, १६ कर्मचारी मेले. ८ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या पॅलेस्टाईन हॉटेलवर अमेरिकन रणगाड्याने तोफगोळा डागला, त्यात ‘रॉयटर्स’चा तारास प्रोत्स्युक आणि स्पॅनिश वाहिनीचा होसे कूसो गेले. हॉटेलात पत्रकार उतरलेत हे सर्वांना ठाऊक होतं. त्याच दिवशी ‘अल जझीरा’च्या कार्यालयावर हल्ला होऊन तारिक अय्यूब मारला गेला. १६ जून २०२५ रोजी इस्रायलने तेहरानच्या सरकारी दूरचित्रवाणीवर हल्ला केला, तेव्हा थेट प्रक्षेपण चालू होतं. सरकारी वाहिनी प्रचार करते हे खरंच, पण तेवढ्याने तिथला कॅमेरामन सैनिक होत नाही. इराकच्या युद्धात मेलेल्या पत्रकारांत बहुसंख्य इराकीच होते. २२ फेब्रुवारी २००६ रोजी अत्वार बहजत ही ‘अल अरेबिया’ची वार्ताहर तिच्याच जन्मगावी, समारामध्ये, बातमी करायला गेली आणि तिला पकडून ठार करण्यात आलं.

भारतीयांच्या बाबतीत सर्वांना आठवतो तो दानिश सिद्दिकी. रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी २०१८ चं पुलित्झर मिळालेल्या ‘रॉयटर्स’च्या चमूतला हा छायाचित्रकार मुंबईत बरीच वर्षं होता. १६ जुलै २०२१ रोजी कंदाहार प्रांतात स्पिन बोल्दक इथे अफगाण सैन्यासोबत असताना तो मारला गेला. घरच्या आघाडीवर १४ जून २०१८ रोजी श्रीनगरमध्ये संपादक शुजात बुखारींची हत्या झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात दंतेवाड्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात दूरदर्शनचा कॅमेरामन अच्युतानंद साहू गेला. याउलट मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षाच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी स्टुडिओत बसून कराची बंदर उद्ध्वस्त केलं. त्यात कुणाच्या अंगावर ओरखडाही आला नाही आणि बातमीही खरी नव्हती.

सर्वांत भयंकर आकडा गाझाचा. पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘कमिटी टु प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स’ने १९९२ पासून ठेवलेल्या नोंदींत २०२४ हे तोवरचं सर्वांत प्राणघातक वर्ष ठरलं, किमान १२४ बळी, त्यांतले बहुतेक गाझात. इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिलं नाही, त्यामुळे जगाला दिसलं ते तिथल्याच पत्रकारांच्या डोळ्यांनी. ही माणसं स्वतः तंबूत राहत होती, भाकरीच्या रांगेत उभी होती आणि मधल्या वेळेत बातम्या पाठवत होती. १० ऑगस्ट २०२५ रोजी ‘अल जझीरा’चा अनस अल-शरीफ गाझा शहरात पत्रकारांच्या तंबूत मारला गेला. तो हमासचा माणूस होता असं इस्रायलने सांगितलं, त्याच्या वाहिनीने ते नाकारलं. २५ ऑगस्टला नासेर रुग्णालयावरच्या हल्ल्यात पाच पत्रकार गेले, त्यांत ‘रॉयटर्स’ आणि ‘एपी’साठी काम करणारे होते. आपल्या जिल्हा आवृत्तीत ‘वृत्तसंस्था’ म्हणून जे छापून येतं ते अशाच लोकांनी पाठवलेलं असतं.

स्थानिक बातमीदार म्हणजे काय, हे कोकणाला वेगळं समजावून सांगायला नको. मराठी पत्रकारितेचे आद्य पुरुष बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, म्हणून हा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन आणि विमा हे विषय मात्र चहापानापर्यंत पोचेतो लोक पांगलेले असतात. अनेकांची कमाई बातमीपेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर चालते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या वादावर ते लिहीत होते, पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदला. राजापूर ही काही रणभूमी नव्हे आणि दोन्हींना एका मापाने मोजणं बरोबर नाही. पण ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच पंचक्रोशीत राहायचं, ही अडचण दोन्हीकडे एकच आहे. महाराष्ट्राने पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ साली कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१९ उजाडलं.

खटल्यांचं म्हणाल तर ‘युनेस्को’च्या २०२४ च्या अहवालानुसार पत्रकारांच्या हत्यांपैकी ८५ टक्के प्रकरणांचा छडा लागलेला नाही. जी थोडी पुढे सरकली त्यांत ‘संडे टाइम्स’ची वार्ताहर मारी कोल्विन हिचं प्रकरण आहे. २००१ साली श्रीलंकेत तिने एक डोळा गमावला आणि २२ फेब्रुवारी २०१२ रोजी सीरियातल्या होम्समध्ये पत्रकारांच्या केंद्रावर झालेल्या तोफमाऱ्यात ती आणि फ्रेंच छायाचित्रकार रेमी ऑचलिक ठार झाले. २०१९ साली अमेरिकन न्यायालयाने सीरिया सरकारला जबाबदार धरून ३० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल दिला. डिसेंबर २०२४ मध्ये बशर अल-असद मॉस्कोला पळाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच हल्ल्याबद्दल फ्रान्समध्ये त्याच्यावर अटक वॉरंट निघाल्याचं जाहीर झालं.