चंद्रभागेचे वाळवंट (संतकाव्य व कला)

पंढरपूर येथे भीमेच्या पात्रातील वाळूचा विस्तीर्ण पट्टा. नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वारकऱ्यांच्या लेखी विठ्ठलाच्या देवळाखालोखाल मान या वाळूचा. पुंडलिकाचे मंदिरही पात्रातच आहे आणि पूर आला की ते पाण्याखाली जाते.

या वाळवंटाचे सर्वांत जिवंत चित्र देहूच्या तुकोबांनी रेखाटले: ‘खेळ मांडियेला वाळवंटी घाई, नाचती वैष्णव भाई रे’. याच अभंगात नाचणारे वर्णाभिमान विसरून एकमेकांच्या पाया पडतात. हे आजही डोळ्यांनी पाहता येते. मध्ये वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी. पखवाजावर थाप पडली की अनवाणी पावले एका ठेक्यात पुढे-मागे होतात. वाळूत पाय रुततो, त्यामुळे इथली पावली फरशीवरच्यापेक्षा जड पडते. अभंग संपला की शेजारचा कोण, कुठला, हे न विचारता माणसे वाकतात आणि कपाळावरच्या बुक्क्याला वाळूचे कण चिकटतात.

कलेत वाळूचा प्रदेश बहुधा एकांतासाठी येतो. इथला दिलासा मात्र गर्दीतला आहे. देवळाला उंबरठा होता, वाळूला नव्हता. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. दलितांसाठी ते दार उघडले साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. नामदेवांचे कीर्तन मात्र वाळवंटात रंगे, असे परंपरा सांगते, आणि तिथे कोणाला अडवणार? वाळू भाजते हेही संतकथा विसरत नाहीत. पैठणला गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे पोर एकनाथांनी कडेवर उचलून घरी पोचवले, ही कथा तीच जातिभेदाची भिंत दाखवते.

पुण्याशी या वाळवंटाचे नाते वारीचे आणि कलेचेही आहे. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा आणि भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात मुक्कामाला असतात. पंढरी अजून लांब, पण मुक्कामाच्या भजनात वाळवंट येतेच. प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात काढलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाला १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. पुढे भीमसेन जोशींच्या संतवाणीने अभंग मैफलीच्या श्रोत्यांपर्यंत नेला. वाळवंट कधीही न पाहिलेल्या कितीतरी पुणेकरांना ते सुरांतूनच आपले वाटू लागले.

आषाढी भर पावसाळ्यात येते. उजनी धरणातून पाणी सुटले की वाळू बरीचशी बुडते; कार्तिकीला ती अधिक मोकळी मिळते. वाळूच्या उपशाने पात्रात जागोजाग खड्डे पडले असून ते स्नानाला उतरणाऱ्यांच्या जिवावर बेततात. पात्र स्वच्छ राहावे म्हणून न्यायालयाच्या आदेशाने वाळवंटातील राहुट्यांवर बंधने आली. वारकऱ्यांच्या तंबूंसाठी आता नदीपलीकडे ६५ एकर जागा राखली जाते.