दोरेच्या बायबलमधला उजेड कुणाचा?

फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेच्या बायबलमधली चित्रं पाहताना आधी डोळ्यांत भरतो तो उजेड. ढग फाडून झोत खाली येतात आणि त्यांच्याखाली माणसं मुंग्यांएवढी. १८६६ साली फ्रान्समधल्या तूर शहरात आल्फ्रेड मामच्या छापखान्यातून याचे दोन खंड निघाले. त्यात दोनशेहून अधिक चित्रं होती. या उजेडाचं श्रेय मात्र एकट्या दोरेला देता येत नाही.

जुन्या लाकडी ठशात, म्हणजे जर्मन चित्रकार ड्यूररने १४९८ मध्ये ‘अपोकॅलिप्स’ ही बायबलवरची चित्रमालिका छापली तेव्हा, काळी रेघ राखून तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकत. अंधार हवा तर रेघा दाटीवाटीने राखायच्या. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५३ च्या ‘तीन क्रूस’ या चित्रासाठी तांब्यावर थेट सुईने ओरखडलं. पुढे त्याच पत्र्यावर पुन्हा ओरखडे मारून त्याने बरीचशी गर्दी काळोखात बुडवून टाकली. मेझोटिंट या धातूवरच्याच दुसऱ्या प्रकाराची रीत उलटी: दातेरी अवजाराने सगळा पत्रा खरबरीत करायचा, म्हणजे तो काळाकुट्ट छापतो, आणि मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचा. इंग्रज चित्रकार जॉन मार्टिनची १८२६ ची ‘बेलशस्सरची मेजवानी’ अशीच झाली. अडचण एकच, धातूचा पत्रा मजकुराच्या खिळ्यांबरोबर, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांबरोबर, छापता येत नसे.

ही अडचण लाकडानेच सोडवली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइकने बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर धातू कोरायची बारीक कोरणी चालवून या कामाला वळण दिलं. ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात उमटे. न कोरलेला ठोकळा शाई लावून छापला, तर निव्वळ काळा चौकोन मिळतो. त्यावरचा प्रत्येक काप पांढरा. कारागीर कोरतो तो उजेडच! ‘प्रकाश होवो’ या बायबलच्या सुरुवातीच्या वचनाचं चित्र काढायला याहून नेमकी रीत सापडणं कठीण.

दोरेची चित्रं अशाच ठोकळ्यांवर कोरली जात, आणि त्याने हे पुरेपूर ओळखलं होतं. ठोकळ्यावर तो नुसत्या रेघा ओढत नसे. ब्रशने पातळ शाई आणि पांढरा रंग लावून छटाच रंगवून देई. त्या छटेची रेघ कशी करायची, किती बारीक, कुठे तोडायची, हे पिझां, पानमाकर असे कोरणारे ठरवत. जलप्रलयाचं चित्र पाहा. खवळलेल्या पाण्यात एक खडक, त्यावर तोंडात पिल्लू धरलेली वाघीण, आणि बुडते आईबाप आपली पोरं त्याच खडकावर चढवतायत. अंगांवरचा तो फिकट उजेड म्हणजे कोरणीचे शेकडो काप. हा प्रसंग बायबलच्या मजकुरात कुठेच नाही, दोरेने तो स्वतः रचला.

थेट ठोकळ्यावर रंगवलेलं चित्र कोरता कोरता नाहीसं होई. पुढे फोटो काढून तो लाकडावर उतरवायची सोय झाली, तेव्हा कुठे मूळ चित्रं शिल्लक राहू लागली. छापील पानावर मात्र बऱ्याच ठिकाणी दोन सह्या दिसतात: एका कोपऱ्यात दोरेची, दुसऱ्यात कोरणाऱ्याची.